पुन्हा वाचताना सापडलेल्या खुणा : लांबलचक फँटसी मालिका (स्पॉयलर भरपूर!!)

उलटापालट

आधीच सांगते, हॅरी पॉटर, साँग ऑफ आइस अँड फायर आणि व्हील ऑफ टाइम यांतलं काहीही इथे फुटू शकतं, त्यामुळे वाचायचं बाकी असेल तर इथूनच मागे फिरा, नंतर बोंब मारू नका.

तर सध्या हॅरी पॉटर पहिल्यापासून परत वाचायला घेतलंय, गोष्टीसाठी नाही, गोष्ट तर तोंडपाठ आहे, या वेळी फक्त रोलिंगबाईंनी कुठे काय दडवून ठेवलंय ते बघायला. आणि पाचव्या पुस्तकाच्या सहाव्या प्रकरणात येऊन अडकलेय, कारण ते प्रकरण म्हणजे निव्वळ दरोडा आहे.

सिरियसच्या घराची साफसफाई चाललीय, सगळे मिळून दिवाणखान्यातली काचेची कपाटं रिकामी करतायत. चांदीची तपकिरीची डबी सिरियसला चावते. चिमट्यासारखं खूप पायांचं काहीतरी हॅरीच्या हातावर सरसर चढतं. म्युझिक बॉक्स वाजायला लागतो आणि सगळ्यांना गुंगी येते, शेवटी जिनी झाकण आपटते. आणि मग त्याच दमात, कुणालाच उघडता न आलेलं एक जड लॉकेट, काही जुने शिक्के, आणि सिरियसच्या आजोबांना मिळालेलं ऑर्डर ऑफ मर्लिन. लगेच सिरियस त्या पदकावर टोमणा मारतो की म्हणजे आजोबांनी मंत्रालयाला भरपूर सोनं चारलं असणार. आपण हसतो आणि पुढे जातो. गेलं लॉकेट!

म्हणजे बघा ना, आजूबाजूची प्रत्येक वस्तू काहीतरी करतेय, चावतेय, चढतेय, झोपवतेय, आणि जी वस्तू काहीच करत नाही तीच खरी, म्हणजे ते लॉकेट, ज्यात खलनायक व्होल्डेमॉर्टने स्वतःच्या आत्म्याचा तुकडा दडवलाय. वर शेवटी जोक ठेवलाय, म्हणजे लक्षात जोक राहणार. त्याच प्रकरणात घरचा नोकर क्रीचर कमरेच्या फडक्याखाली वस्तू लपवून पळवतोय, आणि त्याच प्रकरणात भिंतीवरच्या वंशावळीत सिरियस आपल्या भावाचं, रेग्युलसचं नाव दाखवतोय. लॉकेट, ते व्होल्डेमॉर्टकडून चोरणारा रेग्युलस आणि ते सांभाळणारा क्रीचर, तिघंही एका खोलीत! पुस्तक २००३ चं, आणि सगळं नीट उलगडायला २००७ उजाडलं.

माझं मत असं झालंय की चांगली खूण पहिल्या वाचनात खूण वाटतच नाही, कारण ती तिथे दुसरंच काहीतरी काम करत असते. कुणाचा जोक असते, कुणाची कुरकुर असते, नाहीतर यादीतली भरती. तुम्हाला सापडलेल्या टाका इथे. फक्त एकच विनंती, 'अमुक तमुकचा मुलगा आहे' टाईप थिअऱ्या नकोत, पानावर काय लिहिलंय ते सांगा.

चहाटळ

रुमाल टाकून ठेवतो.

बाकी मला त्या प्रकरणातला म्युझिक बॉक्सच आठवत होता. लॉकेट तिथे होतं हे आत्ता तुमच्याकडून कळतंय. बाईंचा डाव माझ्यावर शंभर टक्के यशस्वी.

मधलं_पान

उलटापालट, मस्त धागा! माझा लाडका म्हणजे चौथ्या पुस्तकातला भुंगेरा. यूल बॉलच्या रात्री हॅरी आणि रॉन बाहेर बागेत अडकतात आणि हॅग्रिड मादाम मॅक्सिमला आपल्या आईबद्दल सांगत असतो ते यांना नको असताना ऐकू येतं. अवघडून हॅरी दगडी रेनडिअरच्या पाठीवरून चाललेल्या भुंगेऱ्याकडे बघत बसतो, आणि लेखिका चक्क लिहिते की हॅग्रिडचं बोलणं कानाआड करता यावं इतका काही तो भुंगेरा इंटरेस्टिंग नव्हता. अगं बाई, तो भुंगेराच तर रीटा स्कीटर आहे, भुंगेऱ्याचं रूप घेणारी ती आगलावी पत्रकार! तीच तर ऐकतेय सगळं! पुढे तळ्यातल्या टास्कनंतर क्रम हर्मायनीला सांगतो की तुझ्या केसात भुंगेरा अडकलाय, तर तेव्हा आपल्याला वाटतं बिचारा तिचं लक्ष वेधायला काहीतरी बोलतोय.

तुमच्या 'दुसरंच काम करणारी खूण'मधे हे दोन्ही फिट बसतात. पहिला अवघडलेपण दाखवायला, दुसरा क्रमची फजिती दाखवायला.

निशाचर

मार्टिनआजोबांकडे (आइस अँड फायरवाले) या जरा. 'क्लॅश ऑफ किंग्स' (१९९८) च्या प्रोलॉगमधे म्हातारा मेस्टर (वाड्यातला पंडित-वैद्य) क्रेसन एक विष बाहेर काढतो, बियांएवढे जांभळे खडे, पेयात विरघळतात आणि माणसाचा गळा आवळल्यासारखा होतो, चेहरा जांभळा पडतो. त्या प्रकरणापुरतं त्याचं काम होतं, तो ते मेलिसांद्रे या चेटकिणीबरोबर पितो, क्रेसन मरतो, मेलिसांद्रेला काही होत नाही, आपण मेलिसांद्रेला घाबरतो. विष विसरलो.

त्याच पुस्तकाच्या शेवटाकडे सर डोंटोस सान्साला केसात घालायची चांदीची जाळी देतो, त्यात गडद जांभळे खडे, आणि सांगतो की हे अशाई नावाच्या लांबच्या मुलखातले अ‍ॅमेथिस्ट आहेत. डोंटोस कायम प्यायलेला, त्यामुळे तो ही जादू आहे, हा तुझ्या बापाचा सूड आहे वगैरे बडबडतो ते आपण त्याच्या दारूच्या खात्यावर टाकतो.

आता 'स्टॉर्म ऑफ सोर्ड्स' (२०००), दुष्ट राजा जॉफ्रीचं लग्न, जिथे तो त्याच विषाने गुदमरून मरतो. नवरीची आजी ओलेना सान्साजवळ येते, तुझ्या घरच्यांचं ऐकून वाईट वाटलं म्हणते, आणि वाऱ्याने केस विस्कटलेत गं तुझे म्हणून हात वर करून एक बट सारखी करते, जाळी नीट बसवते. बस्स. इतकंच. प्रेमळ आजी. नंतर पळून जाताना सान्सा जाळी काढून बघते तर एक खडा गायब.

पहिल्यांदा वाचताना मी या आजीवर खूष झालो होतो, की चला या पोरीशी निदान कुणीतरी मायेने बोलतंय. दुसऱ्यांदा तेच वाक्य वाचताना अंगावर काटा आला, एक अक्षर बदललेलं नसताना. आणि अजून एक, हे सगळं सान्साच्या नजरेतून आहे म्हणून चालून जातं. तिला त्या घडीला प्रेमाचा स्पर्श हवाच आहे, त्यामुळे तिला संशय येत नाही, आणि आपण तिच्या डोक्यात बसलेलो असल्यामुळे आपल्यालाही नाही.

साळसूद

धागा छान आहे, पण विरजण टाकायला आलोय, ह. घ्या.

ही मंडळी सगळं आधीपासून ठरवून पेरतात हे मला पटत नाही. बरेचदा उलटं असतं. लेखक सहाव्या पुस्तकाला बसतो, अडतो, मग आपलीच जुनी पुस्तकं चाळतो की वापरण्यासारखं काय पडलंय. सापडलं की उचलतो आणि वाचक म्हणतात अरे देवा काय दूरदृष्टी! ते व्हॅनिशिंग कॅबिनेट घ्या, म्हणजे जोडीतलं जादूचं कपाट, एकातून आत गेलं की दुसऱ्यातून बाहेर. दुसऱ्या पुस्तकात त्याचं काम काय, तर पीव्ह्ज हे शाळेतलं खोडकर भूत ते रखवालदार फिल्चच्या ऑफिसच्या बरोबर डोक्यावर आपटतो आणि हॅरी शिक्षेतून सुटतो. साधा गोंधळ. पाचव्यात रॉनचे जुळे भाऊ मॉन्टेग्यू नावाच्या पोराला त्यात कोंबतात. परत गोंधळच. सहाव्यात त्यातून डेथ ईटर, म्हणजे व्होल्डेमॉर्टची माणसं, शाळेत शिरतात. १९९८ मधे हे ठरलं होतं? मला नाही वाटत. तिथे कपाटाऐवजी चिलखत आपटलं असतं तरी तो सीन तसाच झाला असता.

उलटापालट

साळसूदभाऊ, विरजण आवडलं, आता हे ऐका. त्याच दुसऱ्या पुस्तकात, पीव्ह्जच्या कितीतरी आधी, हॅरी चुकून बोर्गिन अँड बर्क्स दुकानात जाऊन पडतो आणि मालफॉय बापलेक आले म्हणून एका मोठ्या काळ्या कपाटात लपतो, बघायला फट ठेवून. सहाव्या पुस्तकात लेखिका मुद्दाम आठवण करून देते की ड्रेको ज्याच्यापाशी उभा आहे ते हेच कपाट. म्हणजे जोडीतली दोन्ही कपाटं एकाच पुस्तकात येऊन गेलीत, एक मोडलं आणि दुसऱ्यात हॅरी स्वतः उभा होता! योगायोग असेलही, पण दोन दोन?

तरी तुमचा मुद्दा मी उडवून लावत नाही. कपाट नंतर उचललं असू शकतं, ते कसंही जमतं. पण काही जागा अशा असतात की आधी माहीत असल्याशिवाय ते वाक्य तसं लिहिताच येणार नाही. पाचव्याच पुस्तकात जादूचा तिटकारा असलेली हॅरीची पेटुनियामावशी डिमेंटर (जादूगारांच्या तुरुंगाचे भयाण पहारेकरी) म्हणजे काय ते सांगून टाकते आणि सगळे थक्क. कसं माहीत विचारल्यावर म्हणते, वर्षांपूर्वी तो भयंकर मुलगा 'तिला' सांगत होता तेव्हा ऐकलं. हॅरी चिडतो, माझ्या आईबाबांबद्दल बोलतेयस तर नावं घे ना. आणि मावशी त्याला दुरुस्त करत नाही!! आपण हॅरीचं रागावणं बघत बसतो आणि मुलगा म्हणजे जेम्स हे हॅरीचं गृहीतक आपणही गिळतो. तो मुलगा स्नेप, हॅरीचा तिरसट शिक्षक, होता हे सातव्यात कळतं. इथे 'जेम्स' लिहून चाललं असतं की. नाव मुद्दाम गाळलंय, आणि गाळलेलं झाकायला हॅरीचा राग वापरलाय.

कंदीलवाला

इतका वेळ नुसता वाचत होतो, आता राहवत नाही. व्हील ऑफ टाइमचं कुणी काढलंच नाही अजून! मान्य आहे चौदा जाडजूड ठोकळे आहेत आणि मधले काही वाचताना जीव जातो (आंघोळ, झगे, वेणी ओढणे, पुन्हा आंघोळ), पण लपवाछपवीत त्याचे लेखक रॉबर्ट जॉर्डन यांचा हात धरणारा मला तरी कुणी दिसला नाही.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी, यात आएस सेदाई नावाच्या बायका आहेत, जादू करणाऱ्या, आणि त्यांनी शपथ घेतलेली असते की जे खरं नाही असा एक शब्दही बोलणार नाही. शपथ जादूची आहे, मोडताच येत नाही. त्यामुळे त्या खोटं बोलत नाहीत पण सत्य असं काही वळवतात की समोरचा फसलाच पाहिजे. वाचकाला पहिल्या पुस्तकापासून सवय लागते, की हिने नक्की काय म्हटलं, कुठला शब्द टाळला.

आता दुसरं पुस्तक, 'द ग्रेट हंट', १९९०. व्हेरिन नावाची एक गोलमटोल, विसराळू, शाईने बोटं माखलेली आएस सेदाई शोधपथकाला येऊन मिळते आणि सांगते की मला मॉइरेनने पाठवलं. साधं वाक्य. पुस्तक पुढे पळतंय, जादूचं शिंग चोरीला गेलंय, कुणाला वेळ आहे. नंतर त्याच पुस्तकात नायक रँड मॉइरेनकडे तो विषय काढतो तेव्हा ती म्हणते मी नव्हतं पाठवलं तिला.

दोघीही आएस सेदाई. दोघींपैकी एक खोटं बोलली. आणि खोटं बोलताच येत नाही!

आता ही बाई कोण आहे याचा निकाल लागला 'द गॅदरिंग स्टॉर्म'मधे, २००९ साली. ती एग्वेन या तरुण आएस सेदाईच्या खोलीत येते, चहा घेते, आणि मधेच म्हणते तू घातलेला झगा हिरवा आहे हं. एग्वेनच्या अंगावर पांढरा आहे. तेवढ्या एका फालतू वाक्यावर मी पुस्तक मिटून येरझाऱ्या घातल्या. ती ब्लॅक अजा, म्हणजे आएस सेदाईंमधल्या सैतानाच्या गुप्त गटातली असते, तिला पहिली शपथ लागूच नसते, सैतानाच्या बाजूला दिलेली शपथ 'मरणाच्या घटकेपर्यंत' दगा देणार नाही अशी असते, म्हणून तिने आधीच विष प्यायलेलं असतं, म्हणजे आता मरणाची घटका सुरू, आता सगळं सांगता येतं. अख्खं आयुष्य शत्रूच्या गोटात राहून टिपणं काढली बाईने.

एकोणीस वर्षं. मधे जॉर्डन २००७ मधे गेले, शेवटची तीन पुस्तकं त्यांच्या नोट्सवरून सँडरसनने पुरी केली. साळसूदभाऊ, हे नंतर उचललेलं म्हणाल? मुळात खोटं न बोलण्याचा नियम घालून दिला आणि लगेच पुढच्या पुस्तकात तो एका ओळीत मोडला, आणि मोडल्याचा पुरावाही त्याच पुस्तकात ठेवला.

चहाटळ

हे वाचून व्हील ऑफ टाइम सुरू करावंसं वाटतंय. आंघोळी किती आहेत नक्की?

कंदीलवाला

@चहाटळ, सातव्यापासून दहाव्यापर्यंत दम धरा. पुढे सगळं वसूल होतं.

साळसूद

व्हेरिनचं मान्य. कुणीही मान्य करेल, तिथे लेखकाने हिशोब मांडूनच ठेवलाय.

पण दुसरी बाजू बघा. 'गॉब्लेट ऑफ फायर'च्या सुरुवातीच्या छपाईत शेवटी व्होल्डेमॉर्टच्या कांडीतून तिने मारलेल्यांच्या सावल्या बाहेर येतात तिथे हॅरीचा बाप आधी आला आणि आई नंतर. क्रम उलटा असायला हवा, शेवटी मेला तो आधी बाहेर, म्हणजे आधी आई. झालं, लोकांनी त्यावर थिअऱ्या रचल्या, खरं म्हणजे आईच आधी मेली होती, काहीतरी दडवलंय वगैरे. आणि होतं काय, तर चूक! पुढच्या छपाईत दुरुस्त करून मोकळे. मार्टिन तर स्वतःच सांगतात की त्यांच्याकडून डोळ्यांचे रंग चुकतात, एक घोडा दोन पुस्तकांच्या मधे नराचा मादी की मादीचा नर झालाय. आता अशा लेखकाच्या पुस्तकात डोळ्यांच्या रंगावरून कुणाचा बाप कोण हे शोधत बसायचं म्हणजे कठीण आहे.

अजून_एक_पान

साळसूद +१. मला तेरा जणांच्या जेवणाबद्दल विचारायचंय, इथले जाणकार सांगतील. तिसऱ्या पुस्तकात ख्रिसमसचं जेवण, टेबलावर बाराजण, भविष्य सांगणारी शिक्षिका ट्रेलॉनी येते आणि म्हणते मी बसले तर तेरा होतील, तेरातला जो पहिला उठेल तो पहिला मरेल. फॅन लोक म्हणतात की रॉनचा उंदीर म्हणजे पेटिग्र्यू (उंदराच्या रूपात लपलेला माणूस) धरला तर आधीच तेरा होते, आणि तिला बघून स्वागताला पहिला उठतो डंबलडोर. आणि त्या टेबलावरचा पहिला मरणारा खरंच डंबलडोर! मी हे वाचून उडालेच होते. हे पेरलेलं धरायचं का?

मधलं_पान

धरावंसं फार वाटतं, इतकं सुंदर आहे ते. पण मी मुद्दाम जाऊन परत वाचलं, त्या जेवणाच्या प्रसंगात उंदराचा उल्लेखच नाही. डंबलडोर उठतो हे आहे, बाराची मोजणी बरोबर आहे, पण उंदीर रॉनच्या खिशात होता हे आपण घालतोय. सकाळी क्रूकशँक्सने त्याच्यावर झडप घातलेली असते, त्यामुळे वर खोलीतही ठेवला असेल. खिशातून शेपटी दिसली असं अर्धं वाक्य असतं ना, तर मी डोळे मिटून मान्य केलं असतं.

उलट ज्या उंदराच्या खुणा पानावर आहेत त्या बघ. त्याच पुस्तकाच्या सुरुवातीला दुकानातली बाई उंदीर तपासते, वय विचारते, पुढच्या पायाचं बोट गायब आहे ते बघते आणि सांगते की साधा उंदीर तीनेक वर्षांपेक्षा जास्त जगत नाही. रॉनकडचा वीझलींच्या घरात किती वर्षं आहे! तिथे सीनचं काम काय, तर रॉन किती गरीब आणि त्याचा उंदीर किती टाकाऊ हे दाखवणं. आपल्याला रॉनची कीव येते, उंदराचा संशय येत नाही.

झाकलीमूठ

धागा भन्नाट झालाय. एक प्रॅक्टिकल प्रश्न, तुम्ही लोक परत वाचता कसं? मी करायला गेले तर पन्नास पानांत गोष्टीत वाहून जाते आणि शोधायचं राहूनच जातं.

निशाचर

आइस अँड फायरचं सांगतो, पुस्तकाच्या क्रमाने वाचू नका. प्रकरणांना माणसांची नावं आहेत, तर एकाच माणसाची सगळी प्रकरणं सलग वाचा. सान्साची सगळी, मग टिरियनची सगळी. एरवी सान्साच्या दोन प्रकरणांमधे शंभर पानं लढाया होतात आणि डोंटोस काय बोलला होता ते डोक्यातून गेलेलं असतं, सलग वाचलं की जाळी हातात आल्यापासून खडा गायब होईपर्यंत सरळ दिसतं.

आणि माणूस काय बघत नाहीये ते बघा. ज्याच्या डोक्यातून चाललंय तो ज्या गोष्टीवर विचार करायचं टाळतो तिथे हमखास काहीतरी असतं. नेड स्टार्कला बहिणीला दिलेलं वचन सारखं आठवतं, पण वचन काय ते त्याच्या डोक्यात एकदाही पूर्ण येत नाही.

कंदीलवाला

मी ई-बुकमधे सर्च मारतो, एक वस्तू किंवा एक नाव घेऊन फक्त तेवढ्या जागा वाचायच्या. पण त्यातही गंमत राहत नाही कधीकधी, उत्तरं फार पटापट मिळतात. ऑडिओबुक त्या मानाने बरं, वाचणारा माणूस आपल्यासारखा यादीवरून उडी मारत नाही, लॉकेट सुद्धा म्युझिक बॉक्सइतक्याच ठसक्यात वाचतो.

अवांतर, व्हील ऑफ टाइममधल्या असमोडियन या खलनायकाला कुणी मारलं हे प्रकरण माहितीये का? पाचव्या पुस्तकाच्या शेवटी, १९९३, तो एक दार उघडतो, समोरच्याला ओळखतो, मरतो. कोण होतं ते सांगितलंच नाही. जॉर्डनचं म्हणणं ते उघडच आहे. लोकांनी वेळापत्रकं मांडली, कोण त्या वेळी कुठे होतं, कुणाला कसा प्रवास जमतो, पानंच्या पानं भांडणं. आणि उत्तर आलं २०१० मधे, 'टॉवर्स ऑफ मिडनाइट'च्या मागच्या शब्दसूचीत, ग्रेंडाल, दुसरी एक खलनायिका! गोष्टीत मोठा सीन नाही काही नाही, शब्दसूचीत! उत्तर बरोबर असेल, पण मला ते चांगली खूण म्हणून अजून पटत नाही. कारण तिथे प्रश्नचिन्ह लेखकानेच नाचवून ठेवलं होतं. व्हेरिनचं वाक्य कुणी विचारायलाही गेलं नसतं.

उलटापालट

कंदीलवाले, हे फार नेमकं बोललात. दार उघडून मेला हे कोडं झालं. कोडं सोडवायला कुणीही बसतं.

निशाचर

मग आता जे अजून उलगडलेलंच नाही ते घ्या, तिथे तुमची कसोटी लावून बघू. आइस अँड फायरमधल्या डॅनी या परागंदा राजकन्येचं लिंबाचं झाड.

पहिल्याच पुस्तकात, पहिल्याच तिच्या प्रकरणात, तिला लहानपणीचं घर आठवतं. ब्रावोस, लाल दार, आणि खिडकीबाहेर लिंबाचं झाड. पुढे 'फीस्ट फॉर क्रोज'मधे ब्रावोसमधे झाडं नाहीत असं येतं, बड्या लोकांची अंगणं आणि बागा सोडल्या तर. गार, धुक्याचं, दगडी शहर. लिंबं म्हटलं की या जगात डॉर्न, दक्षिणेकडचा उष्ण मुलूख. मग तिचं घर खरंच ब्रावोसमधे होतं का, की तिला लहानपणाबद्दल कुणीतरी खोटं सांगितलंय?

साळसूद

तुम्हीच उत्तर दिलंत की, बड्या लोकांच्या बागा सोडल्या तर. पाचव्या पुस्तकात, 'डान्स विथ ड्रॅगन्स'मधे डॉर्नचा करार आहे, डॉर्नचा राजपुत्र ओबेरिन आणि डॅनीला सांभाळणारा विलेम डॅरी यांच्यात, ब्रावोसमधे झालेला, आणि साक्षीदार खुद्द सीलॉर्ड, ब्रावोसचा सत्ताधीश. म्हणजे पोरं सीलॉर्डच्या आसऱ्याने कुठल्या मोठ्या वाड्यात असतील, तिथे झाड असेल. मिटलं. नाहीतर १९९६ मधे आजोबांनी ब्रावोसच्या हवेचा विचारच केला नव्हता, घोड्यासारखंच.

निशाचर

घोडा एकदा येतो हो. लाल दार आणि ते घर तिच्या डोक्यात ती असलेल्या प्रत्येक पुस्तकात परत परत येतं. आणि उलटापालटची कसोटी लावा, झाड तिथे दुसरं काय काम करतंय? घर हरवल्याचं दुःख दाखवतंय. कुणी शंका घेणार नाही अशी जागा आहे ती, अनाथ पोरीच्या आठवणीत कोण झाडांची जात तपासतंय?

साळसूद

त्या कसोटीवर मग प्रत्येक झाड खूण ठरेल, निशाचरराव. लॉकेट खूण आहे हे सातवं पुस्तक हातात आहे म्हणून आपल्याला कळतं. इथे सहावं २०११ पासून येतंय.

उलटापालट

बरोबर आहे, पण एक फरक आहे. तेराजणांच्या जेवणात उंदीर आपण घातला होता. इथे झाड पण पानावर आहे आणि 'झाडं नाहीत' हे पण पानावर आहे, दोन्ही त्यांनीच लिहिलंय. मॉइरेन आणि व्हेरिनसारखंच, दोन वाक्यं एकमेकांना खोडतायत. फक्त इथे 'बागा सोडल्या तर' अशी पळवाट ठेवलीय. ती पळवाट साळसूदभाऊंसाठी ठेवलीय की निशाचरसाठी, ते मला ठरवता येत नाहीये. डॅनीची सगळी प्रकरणं सलग काढून बसते आता, आधी हॅरीचं सहावं संपवते.

चहाटळ

सहाव्यात हॅरी ते जुनं पोशन्सचं पुस्तक लपवतो ना, खोलीत, तिथे खूण म्हणून पुतळ्याच्या डोक्यावर तो काय काय ठेवतो ते जरा सावकाश वाचा. लॉकेट सुटलं माझ्याकडून, लॉकेटसारखाच निघालेला हा मुकुट मात्र मी पकडला होता. :फिदीफिदी: